मिस थिओलांनी ओळखलेला कोट

आमच्या गल्लीत महापौरांना कुणी पाहिलेलं नव्हतं. ते शहराच्या कचेरीत पाचव्या मजल्यावर बसत, आणि त्यांच्या मर्जीशिवाय शिकागोत झाडाचं पान हलत नाही असं सगळे म्हणत. आम्ही पाहिलं होतं ते मिस थिओला बँकहेडना; ‘मिस’ ही आमच्याकडची मानाची हाक. आमच्यापुरत्या त्याच महापौर, त्याच पोलीस, त्याच पाणीखातं.

माझं सलून खाली आणि त्यांची खोली वर. त्यांचा एक पाय किंचित ओढत पडे, त्यामुळे जिन्यावरच्या पावलांवरूनच कळायचं की बाई निघाल्या. डोक्यावर निळी हॅट, हातात पर्स, आणि दाराशी एकच वाक्य, "होमर, फरशी पूस रे, पक्षाची माणसं येतात इथे."

त्या पक्षाच्या कप्तान होत्या. म्हणजे वॉर्डातल्या दोन-चार गल्ल्या पक्षाने त्यांच्या पदरात घातलेल्या. तिथलं एकूण एक दार त्यांनी सांभाळायचं, आणि मतदानाच्या दिवशी एकूण एक माणूस बाहेर काढून त्याला मतयंत्राचा पक्षाचा दांडा ओढायला लावायचा. दांडा एकच. तो ओढला की महापौरांपासून खालपर्यंत सगळ्यांना मत. मधल्या काळात जिन्यातला दिवा गेला तर मिस थिओला, घरमालक थंडीत भट्टी पेटवत नाही तर मिस थिओला, पोराला पोलिसांनी उचललं तर मिस थिओला. शहराची नोकरी हवी असेल तर खिडकीवरचा बाबू पहिला प्रश्न विचारायचा, "तुला कुणी पाठवलं?" कुणी पाठवलं नसेल तर तू पदवीधर असलास काय आणि पैलवान असलास काय, घरी जा. आमच्या गल्लीतल्या माणसाने मिस थिओलांचं नाव घेतलं की खिडकी उघडायची. मिसिसिपीत कापूस वेचलेली, इथे येऊन लॉण्ड्रीत हात भाजून घेतलेली बाई, तिच्या नावाने खिडकी उघडते हे काय कमी होतं? आम्हाला त्यांचा अभिमान होता. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःला आमच्याहून जास्त होता.

व्यसन म्हणाल तर एकच. आपल्या गल्लीतली एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. कुणाची सून रुसून गेली, कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली, विचारायचा अवकाश. कप्तानाची सगळी किंमत त्या माहितीतच होती.

आता शाळेचं ऐका. आमची शाळा रेल्वे रुळांच्या अलीकडे. पोरं इतकी की शाळा दोन पाळ्यांत भरायची, अर्धी पोरं सकाळी, अर्धी दुपारी. रुळांपलीकडे गोऱ्यांची वस्ती, आणि तिथली शाळा अर्धी रिकामी. मधे फक्त रूळ. पण आमचं पोर रूळ ओलांडून तिकडच्या बाकावर बसलंय असं कधी झालं नाही. आम्ही दक्षिणेतून पळून आलो, तिथे निदान पाट्या तरी लावलेल्या असत, काळ्यांनी इथे, गोऱ्यांनी तिथे. शिकागोत पाटी नाही. इथे ज्याला विचारावं तो टोपी काढून गोड बोलतो आणि म्हणतो, "आमच्या हातात नाही हो."

आया मिस थिओलांकडे आल्या. बाईंनी निळी हॅट चढवली आणि वॉर्डाचे पुढारी स्टॅलवर्थसाहेब यांच्याकडे गेल्या. साहेब आमच्यातलेच, काळेच. पण गाडी मोठी आणि पाचव्या मजल्यावर ऊठबस. त्यांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं ते असं, की रुळांपलीकडचं काही जमणार नाही, पण महापौर तुमच्या शाळेच्या अंगणात पत्र्याचे वर्ग पाठवताहेत. चाकांवरचे डबे. एका डब्यात एक वर्ग.

मिस थिओला ही बातमी घेऊन माझ्या सलूनमध्ये आल्या त्या लग्नाचं आमंत्रण द्यावं तशा. आत दोन-चार गिऱ्हाइकं होती, आणि नवऱ्याचे केस कापून व्हायची वाट बघत व्हर्लीन पिकेट बसली होती. काटकुळी, कमी बोलणारी पोरगी. नवरा लूशस शहराच्या कचऱ्याच्या गाडीवर. मुलगी जोनेट पहिलीत.

व्हर्लीन म्हणाली, "मिस थिओला, आम्ही बाक मागितला होता. डबा नव्हता मागितला."

"अगं, डबा तर डबा! डोक्यावर छप्पर तर आलं."

"छप्पर रुळांपलीकडे रिकामं पडलंय."

"हो का? फार शहाणी झालीस. लूशसला कचऱ्याच्या खात्यात कुणी चिकटवलं ग?"

"तुम्ही."

"आणि अंगावर हा कोट कुणी दिला?"

"तुम्हीच."

"मग?"

व्हर्लीनने मान खाली घातली. कोट खरंच चांगला होता. नाताळात चर्चच्या तळघरात पक्षातर्फे जुने कपडे वाटायचे, तेव्हा मिस थिओलांनी तो बाजूला काढून ठेवला होता. रुंद कॉलरचा, जाड लोकरीचा. मधलं बटण तुटलं होतं, तिथे बाईंनी आपल्या जुन्या झग्याचं एक मोठं फुलाच्या आकाराचं बटण स्वतः शिवून दिलं होतं. एवढी माया त्या करत. म्हणून तर सगळ्याचा राग येतो.

मार्चात डबे आले. हाडं गोठवणारी थंडी, सरोवरावरून वारा सुटलेला. ट्रकवर लादलेले डबे शाळेच्या फाटकाशी पोचले आणि आया रस्त्यावर आडव्या झाल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाठवलं नव्हतं. पोलिसांनी हातापायांना धरून एकेकीला ओढलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. चाकाखाली एक बाई पडलेली, तोंड स्कार्फमध्ये पार बुडालेलं, आणि पोलीस तिला खांद्याला धरून खेचतोय.

त्या सकाळी स्टॅलवर्थसाहेब माझ्या खुर्चीत होते. गालांना फेस, हातात तेच वर्तमानपत्र. महापौरांची निवडणूक तोंडावर आलेली. मिस थिओला बाजूच्या खुर्चीवर बसून गल्लीचा हालहवाल सांगत होत्या.

साहेबांनी पेपर त्यांच्यापुढे धरला. "थिओला, ही कोण ग?"

बाईंनी नजर टाकली न टाकली. "बाहेरची असेल कुणी. आमच्यातली नाही दिसत."

तेव्हा मला बरं वाटलं. कोट मीही ओळखला होता; म्हटलं, बाईंनी व्हर्लीनला पदराखाली घेतलं.

"असं?" साहेब हसले. "मला वाटलं तुझ्याच गल्लीतली. पण तुला कसं कळणार म्हणा. वय झालं आता तुझं. पलीकडच्या गल्लीतला आमचा क्लीटस बघ, नवा पोरगा, पण त्याला त्याच्या गल्लीतल्या मांजरांचीसुद्धा नावं पाठ आहेत. तुझी दारं आता सुटायला लागली, थिओला. विश्रांती घे."

"क्लीटस?" मिस थिओला ताडकन उठल्या. "तो मला शिकवणार? अहो साहेब, हा कोट माझ्या हातचा आहे! ते मधलं बटण बघा, फुलाचं. मी शिवलंय ते. पिकेटांची व्हर्लीन, तिसरा मजला, मागची खोली. मला म्हणे दारं सुटली!"

माझा वस्तरा साहेबांच्या गळ्यावर होता, तिथेच थांबला.

साहेब एवढंच म्हणाले, "होमर, कानाखाली राहिलंय बघ."

मिस थिओलांचा चेहरा तेव्हा मी आरशात पाहिला. एखाद्याने दूध उतू जाताना पाहावं आणि हात पुढे करेपर्यंत चूल विझलेली असावी, तसा. त्या घाईघाईने म्हणाल्या, "साहेब, पोर गरीब आहे हो. कुणीतरी भरीस घातलं असेल. मी समजावते तिला."

"समजाव की," साहेब म्हणाले, आणि तोंड पुसून निघून गेले.

दार लागल्याबरोबर मी वळलो. "काय केलंत हे?"

"जिभेला हाड नसतं रे, होमर."

"हाड नसतं, पण तोंडात दात होते ना? चावायची होती!"

त्यांनी पर्स उचलली आणि वर गेल्या. त्या दिवशी कुणाच्या दारावर गेल्या नाहीत.

आठवडा संपायच्या आत लूशसची नोकरी गेली. तो आला माझ्याकडे, दुसरीकडे काम मागायला जायचं म्हणून केस कापून घ्यायला. म्हणाला, "मुकादम म्हणतो, वरून आलंय. मी विचारलं, माझं चुकलं काय? तर म्हणतो, तुला ज्याने पाठवलं होतं, त्याला जाऊन विचार." जिन्यावर ओढत्या पायाचा आवाज आला. मधल्या पायरीवर थांबला. मग परत वर गेला.

लूशस गेल्यावर मी कात्री टाकली आणि वर गेलो. माझं डोकं तापलं होतं. बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"सांगा तिला," मी म्हटलं. "तुमच्या तोंडून निघालं, तुमच्याच तोंडून तिला कळू दे."

"सांगते."

"कधी?"

"निवडणूक होऊ दे. मी सांगितलं तर गल्लीतलं एक दार माझ्यासाठी उघडायचं नाही, होमर. मग साहेब क्लीटसला आणतील. तो काय करणारे तुमचं?"

"आमचं राहू द्या. तुमचं बोला."

"तेच बोलतेय," त्या हळूच म्हणाल्या. "मला दुसरं आहे काय?"

नवरा कधीच गेलेला, मूल नाही. दारं हाच संसार. तरी मी म्हटलं, "सांगितलं नाहीत तर मी सांगेन." मी सांगितलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो. माझं सलूनही पक्षाच्याच कृपेने चालत होतं.

सांगायची वेळ यायच्या आधीच व्हर्लीन आली. तोच कोट अंगावर, खांद्याशी उसवलेला, पोलिसाने धरलं होतं तिथे. मिस थिओला जिन्यातून उतरत होत्या. व्हर्लीन खालच्या पायरीशी उभी राहिली.

"मिस थिओला, चुकलं माझं."

बाईंनी कठडा धरला.

"जोनेटला घरी ठेवलंय, उद्यापासून डब्यात पाठवते. तुम्ही म्हणाल तो दांडा मी ओढीन, लूशसही ओढेल. बाकीच्या आयांनाही सांगते, पुरे झालं म्हणून. पण त्याला परत चिकटवा हो. घरात काही नाही."

मी सलूनच्या दारात उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही. वाटलं, आता बोलतील. बाईंचे ओठ हलले आणि बाहेर आलं ते एवढंच, "बघते हं मी. रडू नको." जिचं चुकलं नव्हतं ती चुकलं म्हणत होती, आणि जिने म्हणायचं ती दिलासा देत होती. मला तिथे उभं राहवेना.

त्या साहेबांकडे गेल्या. तिथे काय झालं ते बाईंनीच मला नंतर सांगितलं. साहेब खदखदून हसले म्हणे. "अगं वेडे, नोकरी काढली ती परत द्यायलाच! आता तू देतेयस, म्हणजे ते घर जन्मभर तुझं. अशी बांधायची असतात माणसं. मतदान होऊ दे, मग ये." बाईंनी इतकी वर्षं पक्षाचं काम केलं, पण ही चावी कशी फिरते ते त्यांना तेव्हा समजलं. की आधी समजत होतं आणि बघायचं नव्हतं? मी विचारलं नाही.

एप्रिलात मतदान झालं. मिस थिओला दारोदार फिरल्या, व्हर्लीन त्यांच्यामागे. आमच्या गल्लीने यंत्राचा दांडा असा ओढला की वॉर्डात वाहवा झाली. महापौर निवडून आले. आम्हीच आणले. ज्याने आमच्या लेकरांना पत्र्यात बसवलं त्याला आम्ही रांग लावून मत दिलं, आणि त्या रांगेत मीही होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथे तोंड आमचं आम्हीच दाबलं होतं.

लूशसला काम परत मिळालं. गाडीवर नाही, शहराबाहेर कचऱ्याच्या डेपोवर, आणि पगारही कमी. तरी मिळालं. त्या रविवारी व्हर्लीन चर्चमध्ये कॅरॅमलचा मोठा केक घेऊन आली. प्रार्थना संपल्यावर उभी राहिली. कधी चारचौघांत बोलली नव्हती, पण त्या दिवशी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

"आमच्यावर वाईट वेळ आली तेव्हा आमच्यासाठी एकच माणूस उभं राहिलं. मिस थिओला. हे सगळ्यांनी ऐकावं आणि लक्षात ठेवावं."

सगळं चर्च "आमेन, आमेन" करायला लागलं. टाळ्या पडल्या. मिस थिओला मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या होत्या. हॅट नाकापर्यंत ओढलेली, केक मांडीवर. लोकांना वाटलं बाई भारावल्या. चोराच्या मनात चांदणं, ते लोकांना कुठून दिसणार? केक त्यांनी घरी नेलाच नाही, माझ्या सलूनमध्ये ठेवला. गिऱ्हाइकांनी फस्त केला. म्हणाले, असा केक झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात व्हर्लीनने तो कोट फाडून जोनेटच्या मापाचा केला. डब्यातली शेगडी धड चालत नसे, पोरं कोट घालूनच वर्गात बसत. बटण तेच ठेवलं. रोज सकाळी ती पोर आमच्या दारावरून जायची, छातीवर ते भलंमोठं फूल, आणि वर बघून हात हलवायची, "गुड मॉर्निंग, मिस थिओला!" बाई आधी खिडकीत उभ्या राहत. मग पडद्याआड राहू लागल्या. पण पोर पडद्यालाही हात हलवायची.

कप्तानी सोडली का त्यांनी? नाही. याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही. दारोदार फिरत राहिल्या, दिवे लावून देत राहिल्या, दांडा ओढून घेत राहिल्या. एक गोष्ट मात्र बदलली. साहेब माझ्या खुर्चीत बसून विचारायचे, "थिओला, हा कोण?" तर बाई म्हणायच्या, "डोळे गेले साहेब, ओळखू येत नाही." "परवाच्या सभेला तुझ्या गल्लीतलं कोण गेलं होतं?" "कुणास ठाऊक, साहेब. मला आता कुणी काही सांगत नाही." साहेब चिडायचे, टोमणे मारायचे. शेवटी त्यांनी अर्ध्या गल्ल्या काढून क्लीटसला दिल्या. लोक हसले, म्हणाले, म्हातारी संपली. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे चांगले होते. मला माहीत आहे, रस्त्यापलीकडून त्या माझ्या दुकानात कोण बसलंय ते सांगायच्या.

वर्षं गेली. साखरेच्या दुखण्याने पाय गेला आणि मिस थिओला वरच अडकल्या. त्यांना दोन वेळचं कोण आणून देई? व्हर्लीन. लूशस डेपोतल्या धुळीने खोकून खोकून गेलेला, जोनेट मोठी होऊन टेलिफोनच्या कचेरीत लागलेली. महापौर होते तिथेच, पाचव्या मजल्यावर. रुळांपलीकडची शाळाही तिथेच.

एका रविवारी दुपारी मी पेपर वाचून दाखवायला वर गेलो होतो. व्हर्लीनने पालेभाजी, मक्याचा पाव आणि कोंबडीचा रस्सा टेबलावर मांडला. बाईंनी चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"व्हर्लीन, बस जरा."

"तुम्ही आधी खा."

"नाही. बस. होमर आहे ते बरं आहे, तो साक्षीदार आहे." बाईंचा आवाज चिरकला. "तुझं नाव मी सांगितलं होतं. लूशसची नोकरी माझ्यामुळे गेली. तो फोटो साहेबांनी दाखवला आणि मी कोट ओळखला. भीतीने नाही ग. तोऱ्याने. मला माहीत आहे हे दाखवायला."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. व्हर्लीन पाव मोडत होती. मोडतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. तेव्हाच. तोंड दिसत नव्हतं फोटोत, मिस थिओला. नुसता कोट होता. तो ओळखून साहेबांना खबर देणारं गल्लीत तुमच्याशिवाय कोण होतं?"

"मग माझ्याकडे का आलीस? मी पायरीवर उभी होते, तू म्हणालीस, चुकलं माझं..."

"ज्याने नेलं त्याच्याकडेच मागायला जावं लागतं. दुसरं दार होतं कुठलं?"

मिस थिओलांनी ताट बाजूला सारलं. "आणि केक? चर्चमध्ये उभी राहिलीस, सगळ्यांसमोर आभार मानलेस. ते कशाला ग?"

व्हर्लीनने पहिल्यांदा मान वर केली. इतक्या वर्षांत मी तिला कधी असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही पुन्हा कधी कुणाचं नाव घ्यायला तोंड उघडाल, तेव्हा तुम्हाला लाज वाटावी म्हणून. चारचौघांत, मोठ्याने आभार मानले. जोनेटला सांगून ठेवलं होतं, रोज वर बघून हात हलवायचा. बाई दिसो न दिसो."

रश्श्यावरचा तवंग गोठू लागला होता.

"वाटली का?" व्हर्लीनने विचारलं.

"रोज," मिस थिओला म्हणाल्या.

"बरं झालं." व्हर्लीनने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "खा आता. गार होतंय."